हवाईत श्रमदानाला जायचंय? आधी बूट धुवा

हवाई बेटांवर जाणारी मराठी मंडळी हल्ली सहलीतला एक दिवस श्रमदानासाठी राखून ठेवू लागली आहेत. अमेरिकेत राहणारे तर सुट्टीला मुलांना घेऊन मुद्दाम जातात. हे चांगलंच आहे. पण घोटाळे तेच तेच होतात. लोक झाडं लावायच्या उत्साहात जातात आणि तिथे चार तास गवत उपटायचं असतं. कुणी ट्रेकिंगचे मातीने माखलेले बूट घालून येतं, कुणी आयत्या वेळी चार पाहुणे घेऊन. कुणी कामाच्या आधीच फोटो काढायला तळ्याच्या बांधावर चढतं. ज्या जमिनीला मदत करायला गेलो तिलाच त्यातून इजा होते आणि यजमानांचं काम वाढतं.

पुढचे टप्पे ओआहू आणि कावाई बेटांवरच्या कामांची उदाहरणं घेऊन लिहिले आहेत, पण क्रम सगळीकडे जवळपास असाच असतो. क्रम मोडू नका, निम्म्या चुका तिथेच टळतात.

१. जागा ठरवा आणि नाव नोंदवा (निदान महिनाभर आधी)

कामं साधारण चार प्रकारची असतात: अळूची पाणथळ खाचरं, म्हणजे लोई; समुद्रकाठची दगडी बांधाची मत्स्यतळी, म्हणजे लोको इआ; उथळ समुद्रातलं उपरं शेवाळ काढणं; आणि डोंगरावरच्या जंगलातली देशी झाडांची लागवड. डोंगरमाथ्यापासून प्रवाळापर्यंतचा पट्टा एकच धरून त्याची व्यवस्था लावायची तिथली जुनी पद्धत आहे. त्या पट्ट्याला आहुपुआआ म्हणतात. म्हणून ही चारही कामं एकमेकांत गुंतलेली असतात. वर गाळ अडला नाही तर खाली तळं भरतं आणि त्याच्या खाली प्रवाळ गुदमरतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ओआहूच्या पूर्व किनाऱ्यावरचं हेएइया सुचवेन. एकाच खोऱ्यात काकोओ ओईवी ही संस्था अळूची खाचरं पुन्हा उभी करते आहे, आणि खाली कानेओहेच्या उपसागरात पाएपाए ओ हेएइया ही संस्था ८८ एकरांचं मत्स्यतळं सांभाळते. समुद्रातल्या शेवाळाचं काम करायचं असेल तर होनोलुलूच्या पूर्वेला माउनालुआ उपसागरात मालामा माउनालुआ आहे. कावाईवर जात असाल तर आलेकोको मत्स्यतळ्यावर मालामा हुलेइया ही संस्था काम करते. काहोओलावे बेटाचं नाव ऐकून बऱ्याच जणांना तिथे जावंसं वाटतं. पण अमेरिकेच्या नौदलाने १९९० पर्यंत त्या बेटावर बॉम्बफेकीचा सराव केला, आणि न फुटलेले गोळे अजून जमिनीत आहेत. तिथे फक्त अधिकृत तुकडीबरोबरच जाता येतं. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका.

जागा निवडताना आपले गुडघे, कंबर आणि बरोबरची माणसं बघा, फोटो नव्हे. लोईत मांडीपर्यंत चिखल असू शकतो. मत्स्यतळ्यावर दगड उचलावे लागतात. शेवाळाच्या कामात ओहोटीच्या पाण्यात तासन्‌तास वाकून राहावं लागतं. सत्तरीच्या आईवडिलांना नेणार असाल तर तसं आधीच कळवा. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, बिया निवडणं अशी बैठी कामंही बऱ्याच ठिकाणी असतात.

नोंदणी करताना माणसांची खरी संख्या द्या. हातमोजे, करवती, गाड्या लावायची जागा आणि जेवण हे सगळं त्या आकड्यावर बेतलेलं असतं. जबाबदारीचा फॉर्म प्रत्येकाला भरावा लागतो, मुलांचा पालकांनी भरायचा असतो.

तपासा: पाणी गोडं की खारं? पायात काय घालायचं? मुलांच्या वयाची अट काय? जेवण आणायचं की असतं? पाऊस आला तर निरोप कसा मिळेल? या पाचही प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय विमानाच्या तारखांना श्रमदान जोडू नका.

सावध: मनानेच एखाद्या किनाऱ्यावर जाऊन "उपरी झाडं" उपटू नका. कोणतं झाड उपरं आणि कोणतं देशी हे तिथे वाढलेल्यालाच कळतं, आणि जमीन कुणाच्या तरी ताब्यातली असते.

२. घरी करायची तयारी

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे.

बूट आधी कोरडेच घासा. तळव्याच्या खाचा, लेसच्या भोकांची कडा, व्हेल्क्रो, मोज्यांची विणकाम असलेली पट्टी या जागांमध्ये गवताचं कुसळ अडकून बसतं. टोकदार काडीने ते काढा. मग साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, आणि शेवटी तळव्यांवर ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल फवारा. हाच क्रम ठेवा. चिखलावरच अल्कोहोल मारलं तर ते मातीच्या थराखाली पोचत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

एवढा अट्टाहास ओहिआसाठी आहे. ओहिआ हे हवाईच्या जंगलाचं मुख्य झाड आहे. पावसाचं पाणी धरून ठेवणारं जंगल त्याच्यावर उभं आहे. त्याला मारणारा बुरशीजन्य रोग २०१४ मध्ये हवाईच्या मोठ्या बेटावर ओळखला गेला आणि नंतर कावाई, माउई, ओआहूवरही सापडला. लाखो झाडं गेली आहेत. बुरशी मातीतून, हत्यारांवरून, गाडीच्या टायरांवरून जाते आणि खोडावरच्या जखमेतून आत शिरते. म्हणून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना, किंवा आज जंगल आणि उद्या खाचर असा बेत असेल तर मधे, बूट आणि हत्यारं पुन्हा धुवायलाच हवीत. भाड्याची गाडी कच्च्या रस्त्याने गेली असेल तर तीही खालून धुवा. ओहिआच्या खोडावर नाव कोरणं, फांदी मोडणं, फुलं तोडणं तर सोडाच.

विमानात शेतीमालाच्या घोषणेचा फॉर्म भरावा लागतो. तो खराखुरा भरा. कढीपत्त्याची डहाळी, आईने दिलेलं मातीसकट तुळशीचं रोप, गणपतीपुढचा ताज्या फुलांचा हार, पेरायच्या मेथीचं पाकीट हे घरीच ठेवा. बेटांवर बाहेरून आलेली एखादी मुंगी किंवा भुंगासुद्धा काय करू शकतो याचा अनुभव तिथल्या लोकांनी घेतला आहे. नारळाच्या झाडांना पोखरणारा गेंड्या भुंगा ओआहूवर २०१३ मध्ये सापडला, त्याच्याशी झुंज अजून चालू आहे. कोकणातल्या माडवाल्यांना तो वेगळा सांगायला नको.

पायात काय? मत्स्यतळ्यावर आणि उथळ समुद्रात स्थानिक लोक ताबी घालतात, म्हणजे अंगठा वेगळा असलेले, जाड तळव्याचे जपानी धर्तीचे बूट. शेवाळ्या दगडावर ते घट्ट पकड देतात. तिथल्या साध्या दुकानांत मिळतात. लोईत मात्र चिखल बूट ओढून घेतो. तिथे संस्था सांगेल तसं घट्ट बांधलेले जुने बूट घाला किंवा अनवाणी जा. हवाई चप्पल कुठेच चालत नाही.

लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी घाला. उन्हासाठी क्रीमपेक्षा कापड बरं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन प्रवाळाच्या काळजीपोटी १ जानेवारी २०२१ पासून हवाईत विकता येत नाहीत. मुंबईहून किंवा कॅलिफोर्नियाहून नेलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आधी वाचा.

सावध: अंगावर उघडी जखम, ताजा ओरखडा, सोललेली टाच असेल तर गोड्या पाण्यात उतरू नका. तिथल्या ओढ्यांत आणि खाचरांत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत ज्याने माणसं गेली तोच हा लेप्टो. चिकटपट्टी लावून भागत नाही, ती चिखलात निघते. आयोजकांना सांगा, काठावरचं काम मिळेल.

३. पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

गाडीतून उतरल्या उतरल्या कामाला भिडायचं नाही. बहुतेक ठिकाणी सगळे वर्तुळात उभे राहतात. यजमान ओली म्हणतात, त्या जागेत शिरायची परवानगी मागणारं ते पठण असतं. तुम्हाला ते यावं अशी अपेक्षा नसते. टोपी आणि गॉगल काढा, फोन खिशात ठेवा, गप्प उभे रहा. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही.

मग प्रत्येकाने आपलं नाव आणि गाव सांगायचं असतं. इथे आपल्याकडचे लोक कंपनीचं नाव आणि हुद्दा सांगतात. ते नको. कुठल्या गावचे, कुठल्या नदीकाठचे ते सांगा. "मी साताऱ्याचा, कृष्णेकाठचा" एवढं पुरे. वडीलधाऱ्यांच्या नावाआधी तिथेही अंकल, आंटी लावतात. तसंच म्हणा, नुसत्या नावाने हाक मारू नका.

यानंतर सुरक्षिततेच्या सूचना होतात आणि कामं वाटली जातात. दिलेलं काम बदलून मागू नका. लागवडीची वेळ आज नसेल तर नसेल.

तपासा: आपल्या गटाचा म्होरक्या कोण, पाणी आणि शौचालय कुठे, कुठली जागा ओलांडायची नाही. दगडांची एखादी रास किंवा चौथरा दिसला तर त्यावर बसू नका, डबाही ठेवू नका. ते पूजास्थान असू शकतं.

४. आधी काढणं

श्रमदानाचा मोठा हिस्सा हाच, आणि खरा फरक इथेच पडतो.

समुद्रातलं शेवाळ. माउनालुआत २०१० ते २०११ या काळात सुमारे ३० लाख पौंड उपरं शेवाळ हातांनी काढलं गेलं आणि ते शेतांवर खत म्हणून गेलं. तिथला मुख्य त्रास एका गडद हिरव्या, चामड्यासारख्या पंख्याच्या आकाराच्या शेवाळाचा आहे. ते गाळ धरून बसतं आणि खालची वाळू श्वास घेईनाशी होते. वरचा पंखा खेचला तर तो हातात येतो, बुडखा वाळूतच राहतो आणि पुन्हा फुटतो. त्यामुळे बोटं वाळूत घालून बुडख्याच्या भोवती फिरवा, पकड सैल करा आणि हळूच अख्खा गड्डा वर घ्या. गाळ कुठे झटकायचा ते म्होरक्याला विचारून घ्या. गड्डा लगेच गोणपाटात टाका.

दुसरं गोरिला ओगो. हे १९७० च्या दशकात व्यवसायासाठी मुद्दाम आणलं गेलं. ते ठिसूळ असतं, काचेच्या बांगडीसारखं कटकन तुटतं, आणि प्रत्येक तुकडा वाहत जाऊन नवीन जागी वाढतो. इथे वेग दाखवू नका. दोन्ही हातांची ओंजळ खालून घाला, पिशवीचं तोंड पाण्यातच जवळ धरा, तरंगणारे तुकडेही गोळा करा. सुटे तुकडे मागे सोडून एका तासात दहा पिशव्या भरणाऱ्यापेक्षा तीनच पिशव्या स्वच्छ भरणारा अधिक कामाचा.

याच वाळूत देशी समुद्री गवतही असतं. बोटाच्या पेराएवढी, नाजूक अंडाकृती पानं जोडीजोडीने जमिनीलगत उगवलेली दिसतील. त्याला हात लावायचा नाही. खाण्याची देशी लिमू, म्हणजे समुद्री शेवाळ, तीही असते. शंका आली की उपटू नका, हात वर करून विचारा.

कांदळ. आपल्याला इथे सर्वांत अवघड जातं. महाराष्ट्रात कांदळवन वाचवा म्हणून आपण कंठशोष करतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची तोड पूर्ण थांबवण्याचा निकाल दिला, आणि ते योग्यच झालं. पण हवाईत कांदळ मुळात नव्हतंच. १९०२ मध्ये मोलोकाई बेटावर एका साखर कंपनीने गाळ अडवण्यासाठी ते आणलं. तिथून पसरून त्याची मुळं मत्स्यतळ्यांच्या बांधात घुसली, पाणी कोंडलं आणि आएओसारख्या उंच पायांच्या देशी पाणपक्ष्यांची उघडी चिखलटं झाकली गेली. एका किनाऱ्याचं कवच दुसऱ्या किनाऱ्याचा फास होऊ शकतं. तेव्हा तिथे जाऊन यजमानांना कांदळाचे फायदे समजावत बसू नका.

मोठी झाडं कापणं प्रशिक्षित लोकांचं काम आहे. तुमच्या वाट्याला रोपं येतील. रोप मुळाशी धरून सरळ वर ओढा. शेंगेसारखं लांब बीज अख्खं निघालं पाहिजे. भरतीच्या रेषेच्या बरंच वर ढीग करा, कारण पडलेली शेंग तरंगत जाऊन पुन्हा रुजते.

खाचरातलं गवत. हेएइयाच्या पाणथळीवर जे गवत माजलं होतं ते आपल्याकडे वैरणीसाठी लावलं जाणारं पॅरा गवत. त्याच्या पेरापेराला मुळं फुटतात. कापून पाण्यात सोडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवी लागवड! ते चटईसारखं गुंडाळत आणा आणि बांधावर सुकायला टाका.

सावध: खाचरात किंवा गवतात घरटं दिसलं तर जिथे आहात तिथेच थांबा, मागे फिरा, सांगा. किनाऱ्यावर समुद्री कासव असेल तर १० फूट आणि मंक सील हा समुद्री प्राणी झोपलेला असेल तर ५० फूट लांब रहा. पिल्लू बरोबर असेल तर १५० फूट. ते अडकलेले वाटले तरी स्वतः ढकलायला जाऊ नका.

५. मग लावणं

हवाईचं कालो म्हणजे आपलं अळूच, पण तिथे ते कंदासाठी लावतात आणि वाहत्या पाण्यात वाढवतात. परसात मोरीच्या पाण्यावर अळू वाढवलेल्यांना वाटतं की यात काय शिकायचं. शिकायचं आहे.

लावायचा तुकडा म्हणजे हुली: देठ वीतभर आणि खाली कंदाची पातळ चकती. चकती फार जाड ठेवली तर ती कुजते, अगदीच नसली तर मुळं फुटत नाहीत. देठावरची पानं काढलेली असतात, "बिचारं पान तोडलं" म्हणून हळहळू नका. यजमानांनी दोरी बांधून अंतर आखलेलं असेल, तर त्या दोरीवरच लावा. हुली चिखलात उभी खोचा, मग दोन्ही तळव्यांनी भोवतालचा चिखल घट्ट दाबा. नुसती टोचून ठेवलेली हुली पाणी सोडल्यावर वर येते आणि खाचरभर तरंगत फिरते.

तपासा: दोन बोटांनी देठ हळूच वर ओढा. सैल लागली तर काढून पुन्हा लावा. ओळ संपल्यावर मागे वळून बघा, एकही हुली आडवी झालेली नको.

पाण्याच्या वाटेला, म्हणजे आउवाईला, धक्का लावू नका. खाचरात शिरणारं पाणी थंड आणि वाहतं हवं. ते २५ अंशांच्या वर तापून साचलं की कंदकूज येते. मुलं खेळता खेळता दगड टाकून धार अडवतात, तिकडे लक्ष ठेवा. कच्चं पान किंवा देठ चावून बघू नका. घसा खवखवतो हे आपल्याला माहीत आहेच. शिवाय गोगलगायींमधून पसरणाऱ्या, मेंदूपर्यंत जाणाऱ्या जंताचा धोका तिथे खरा आहे, म्हणून न धुतलेलं काहीच तोंडात घालायचं नाही.

६. बांधाचं काम

हेएइयाच्या तळ्याचा बांध सुमारे सव्वा मैल लांब आहे. १९६५ च्या पुरात त्याला खिंडार पडलं, आणि ते २०१५ च्या डिसेंबरमध्ये लोकांच्या हातांनी बुजलं. बाहेरून काळ्या दगडाच्या दोन भिंती आणि मधे प्रवाळाच्या तुकड्यांची भर, सिमेंट नाही. कोकणातल्या माणसाने गडगा आठवावा. मधे लाकडी झडपा असतात, त्यांना माकाहा म्हणतात. त्यातून बोयच्या जातीच्या माशांची पिलं आत येतात आणि मोठी झाली की फटीतून बाहेर पडू शकत नाहीत. गोव्याच्या खाजणातला मानस, म्हणजे पाण्याची झडप, ज्याने पाहिला आहे त्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल.

रचाई तिथल्या कसलेल्या हातांनीच होते. तुम्ही साखळीत उभे राहून दगड पुढे द्याल. दगड घेणाऱ्याने "घेतला" म्हटल्याशिवाय सोडू नका. वाकताना गुडघ्यातून वाका. रचायला बोलावलंच तर दगडाची लांब बाजू आत जाईल असा बसवा. दर्शनी चपटी बाजू बाहेर लावून सुबक दिसणारा दगड पहिल्या भरतीत निसटतो. हाताने रेटून बघा: डुगडुगला तर काढा, खाली छोटी कपची सारून पुन्हा बसवा. भरीसाठी समुद्रातून प्रवाळ उचलून आणू नका. जे लागतं ते काठावर ठेवलेलं असतं.

सावध: ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा चढू लागलं, तर हातातलं काम टाकून वर या. आकाश डोक्यावर निळं असलं तरी डोंगरावर पाऊस झालेला असतो.

७. निघताना

हत्यारं मोजून, धुऊन परत करा. स्वतःचे पाय आणि बूट दाखवलेल्या जागीच धुवा, ओढ्यात नव्हे. जेवण एकत्र असेल तर थांबा. घाईने निघणं बरं दिसत नाही, आणि खरी माहिती त्या पंगतीतच मिळते. घरून काही करून न्यायचं असेल तर सगळ्यांना पुरेल असं न्या.

दगड, वाळू, शंख, हुली यातलं काही परस्पर बॅगेत घालू नका. मुख्य भूमीकडे जाणाऱ्या विमानाआधी शेतीमालाची तपासणी होते, आणि माती नेताच येत नाही. दगड उचलणं तर तिथल्या लोकांना फार लागतं.

८. घरी आल्यावर

बूट पुन्हा त्याच क्रमाने धुवा, आता तुमच्या गावच्या मातीसाठी. पुढच्या महिनाभरात ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर फ्लू समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना आपणहून सांगा की हवाईत गोड्या पाण्यात काम केलं होतं. लेप्टोची लक्षणं २ ते ३० दिवसांत कधीही दिसू शकतात, आणि हे सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या ते लक्षात येणार नाही.

फोटो टाकायचेच असतील तर पक्ष्यांच्या घरट्यांचे आणि पूजास्थानांचे टाकू नका, आणि माणसांचे त्यांना विचारूनच टाका. संस्थेला चार ओळी लिहून कळवा की कुठली सूचना कळली नव्हती. पुढच्या गटाला त्याचा उपयोग होतो. पुन्हा जाणं शक्य नसेल तर त्यांना कशाची गरज आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: हातमोजे, करवतीची पाती, गोणपाट.